सभासद ८७ यांचं म्हणणं

भालकी,
गुरुवार, १३ फेब्रुवारी २०२५

चि. प्रेरणास,
सप्रेम जयभीम.

हे पत्र घेऊन येणारे प्रभुलिंग सर तुझ्या ओळखीचे आहेत. वाचनालयाच्या नोंदवहीतून तुझा बीदरच्या नौबादचा पत्ता आणि फोन नंबर त्यांनीच काढून दिला. त्यांना आत बसव. तुझं वाचून होईपर्यंत ते थांबणार आहेत, तसं आमचं बोलणं झालं आहे. काल मी फोनही लावला होता, दोनदा. तू "हॅलो, कोण?" म्हणालीस. नऊ वर्षांनी तुझा आवाज ऐकला आणि मी फोन ठेवून दिला.

पत्र लिहायची सवय राहिली नाही. कारखान्यात वजनकाट्यावर होतो तेव्हा दिवसभर लिहायचो, पण ते गाड्यांचे नंबर आणि टन. इकडे उसाचा हंगाम संपत आला. अमरदीपकाकाच्या स्नेहलला बी.एड.ला प्रवेश मिळाला. दारातल्या पेरूला यंदा फळ कमी. असलं काहीबाही लिहून मी मुख्य गोष्ट पुढे ढकलतो आहे, हे तुला कळतच असेल. जरा ढकलू दे.

मंगळवारी तुझ्या आईची पुस्तकं परत करायला मी वाचनालयात गेलो. तीन होती, दोन जाड ऐतिहासिक आणि एक पातळ. इतक्या वर्षांत मी त्या वाचनालयाची पायरी चढलो नव्हतो. तुझी आई दर मंगळवारी पिशवी घेऊन जायची आणि तासाभरात यायची, एवढंच मला माहीत. मी गमतीनं विचारायचो, "भागाबाई, परीक्षा कवा हाय?" ती म्हणायची, "झाली की. तुमीच नापास." मी हसून पेपर उघडायचो. सातवी शिकलेली बाई, वेळ जावा म्हणून गोष्टी वाचते, असा माझा समज.

प्रभुलिंग सर त्याच दिवशी सकाळी लातूरहून भाचीचं लग्न आटोपून दोन आठवड्यांनी परत आले होते. त्यांनी पुस्तकं घेतली आणि सवयीनं एक जाड वही माझ्यापुढे सरकवली. तिथला नियम तुला ठाऊक आहे, मला नव्हता. परत केलेल्या पुस्तकावर दोन ओळी लिहिल्याशिवाय दुसरं पुस्तक मिळत नाही. मी म्हणालो, मला दुसरं नको आहे. तर ते म्हणाले, "मग बाईंनी सांगितलेलं लिहा. कॉलेजची पोरं विचारायलेत, ८७ चं काय म्हणणं हाय म्हनून. त्यांनी चांगलं म्हटल्याबिगर कोन पुस्तक उचलत न्हाई."

८७ म्हणजे कोण, हे मला कळेना. मग कळलं.

सरांना जे सांगायचं होतं ते मी सांगितलं. ते खुर्चीत बसले. मग त्यांनी उठून कपाटातून जुन्या तीन वह्याही काढल्या आणि माझ्यासमोर ठेवल्या. त्या दिवशी वाचनालय बंद व्हायच्या वेळेपर्यंत मी वाचत होतो, आणि बुधवारी परत जाऊन बसलो. मी कादंबऱ्या वाचलेल्या नाहीत, त्यामुळे कोण बरोबर आणि कोण चूक ते मला सांगता येणार नाही. पण हे लिहिणारी बाई माझ्या घरात राहत होती आणि मी तिला ओळखत नव्हतो.

एका राजावरच्या सातशे पानी कादंबरीवर तिनं लिहिलंय: "राजा लढाईला निघाला की राणी दिवा घेऊन दारात. असं सात वेळा. दिव्यात तेल कोण घालत होतं ते एकदाही नाही. आपली माणसं एकदाच आली आहेत, पान ३१२ वर, घोड्याच्या मागे." त्याच्याखाली दुसऱ्या अक्षरात: "पान ३१२ पुन्हा पाहावे. घोड्याचं नाव दिलेलं आहे, माणसाचं नाही. सभासद २४०."

ते दुसरं अक्षर मी लगेच ओळखलं. पाटीवर मीच गिरवून घेतलेलं अक्षर आहे ते. 'श'ला अजून तशीच लांब शेपटी देतेस.

नऊ वर्षं. तू महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी बीदरहून येणार, ती मंगळवारी जाणार. ती लिहायची आणि तू खाली उत्तर द्यायचीस. ते अख्ख्या भालकीतले वाचणारे वाचत होते. फक्त मी नाही.

पुण्यातल्या नवरा-बायकोची एक हल्लीची कादंबरी आहे. तिच्यावर आईनं लिहिलंय की दोघं तीनशे पानं बाल्कनीत बसून दुःखी आहेत, भांडी कोण घासतं ते लेखकानं कळवावं. तू खाली टोला हाणलास: "सभासद ८७ यांना भांड्यांपलीकडे काही दिसत नाही. भरल्या घरातही माणूस एकटं असतं." तिचं पुढच्या मंगळवारचं उत्तर एका ओळीचं आहे. "ते मला सांगू नये, मी ते पुस्तकात वाचून शिकलेली नाही." मी वाचनालयात बसून हे वाचलं, प्रेरणा. शेजारी दोन मुलं पेपर चाळत होती. मला उठून कुठे तरी जावंसं वाटलं. मी पान उलटलं.

रझाकारांच्या काळावरच्या कादंबरीवर तर तिनं लेखकाची वाटच चुकीची ठरवली आहे. भालकीकडून पळालेली माणसं नदी ओलांडतात असं त्यानं लिहिलंय, तिथं नदी नाही, फक्त नाला आहे, आणि तोही उन्हाळ्यात कोरडा, असं तिचं म्हणणं. तू लिहिलंस, कादंबरीत नदी लागते. ती म्हणाली, मग माणसं तरी खरी घाला. मला यातलं काय कळावं, पण मी तिथं एकटाच हसलो. एवढी बोलणारी बाई. घरी मी भाजीत मीठ कमी आहे म्हणालो तर "व्हय" म्हणायची.

सरांना विचारलं, शनिवारी ती तुला भेटायला का येत नव्हती. ते म्हणाले, त्यांनीही हेच विचारलं होतं एकदा. तिनं सांगितलं, "शब्द दिलाय सर. भेटनार न्हाई, बोलनार न्हाई म्हनून. लिव्हनार न्हाई म्हनून दिला न्हाई. ते त्येंच्या ध्यानातच आलं न्हाई." तो शब्द मीच घेतला होता. तिनं तो तंतोतंत पाळला. तुझं नाव वहीत कुठंही नाही, तिचंही नाही, नुसते नंबर.

आता पुढचं लिहितो. चौथ्या, चालू वहीत, नवीन पानावर, तुझं ८ फेब्रुवारीचं लिखाण आहे. मी ते इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं. "सभासद ८७ यांचा गेल्या मंगळवारचा अभिप्राय दिसला नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? पुढची कादंबरी मोठ्या अक्षरात छापलेली आहे, राखून ठेवायला सांगितलं आहे. घाई नाही. वाट पाहते."

ते वाचलं तेव्हा मला कळलं की तुला माहीत नाही.

तुझी आई ३० जानेवारीला गेली. गुरुवारी, दुपारी अडीचच्या सुमारास. व्हरांड्यात खुर्चीत वाचत बसली होती. मी आत पडलो होतो. चहा कर म्हणून हाक मारली, दोनदा मारली, आणि ओ दिली नाही म्हणून चिडून बाहेर आलो. चष्मा डोळ्यावर होता. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं, त्रास झाला नसेल. सातव्या दिवसाचं पुण्यानुमोदन ५ तारखेला झालं. तू वहीत वाट पाहते असं लिहिलंस तेव्हा तिला जाऊन नऊ दिवस झाले होते. सर लातूरला होते आणि त्यांच्या जागी बसलेल्या मुलीला काही ठाऊक नव्हतं.

तू तेव्हा आपल्या घरापासून दोन गल्ल्या अलीकडे होतीस.

तुला कसं कळलं नाही, तेही सांगतो. तिला खाली निजवलेलं असताना अमरदीप माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "दादा, प्रेरणाला कळवू का?" मी म्हणालो, "कळलं असंल तिला. यायचं तर यील." त्यानं ते नको असं धरलं. स्नेहलला वाटलं काकूच्या माहेरच्यांनी कळवलं असेल. माहेरच्यांना वाटलं आम्ही. तुझा नंबर आमच्यात कुणाकडेच नव्हता, हे नंतर उघड झालं. आणि मी सातही दिवस दाराकडे बघत मनात तुझ्यावर राग धरून बसलो होतो, की आई गेली तरी आली नाही. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

आणखी एक नोंद आहे, सहा वर्षांपूर्वीची. एका कादंबरीत सासरहून परत आलेल्या लेकीला बाप पुन्हा सासरी पाठवतो. आईनं लिहिलंय: "लेखक म्हणतो बापाचं काळीज दगडाचं होतं. हे न बघता लिहिलंय. त्या दिवशी बाप घरी येऊन दोन दिवस जेवला नाही. लेखकाला ते माहीत नाही. म्हणून त्याला माफ करावं असं मी म्हणत नाही." खाली तुझं उत्तर: "जेवला नाही हे माहीत नव्हतं. तरी हे पुस्तक मी पुन्हा वाचणार नाही."

मी जेवलो नव्हतो हे तिनं पाहिलं होतं. एका अक्षरानं मला बोलली नाही. ताट झाकून ठेवायची आणि उचलायची.

नऊ वर्षांपूर्वी उदगीरच्या सासरहून तू आलीस तेव्हा तुझ्या मनगटाला पट्टी होती. मी ती पाहिली. कशाची आहे ते विचारलं नाही, कारण तू सांगितलं असतंस. सोयरीक मी जमवली होती, माझ्या शब्दावर. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच तुला उदगीरच्या गाडीत बसवलं, खिडकीशी जागा धरून दिली, आणि गाडी सुटेपर्यंत कंडक्टरशी उसाच्या गोष्टी बोलत राहिलो, तुझ्याकडे बघावं लागू नये म्हणून. तू वाटेत कुठं उतरलीस ते मला आजही माहीत नाही. उतरलीस ते बरं केलंस. हे मला त्याच वर्षी कळलं होतं. म्हणालो नाही.

आता तुला काय करायचं ते तू ठरव. तिचा चष्मा, पुस्तकांची पिशवी, लुगडी, कशालाच मी हात लावलेला नाही. ते सगळं तुझं. कुठल्याही दिवशी ये. मी समोर नको असेन तर सरांजवळ तसं सांग. मी अमरदीपकडे जाऊन राहीन, किल्ली शेजारच्या रत्नम्मांकडे असेल, आणि तू जाईपर्यंत परतणार नाही. मला उत्तर लिहायची गरज नाही. तुझं रडणं झालं की थोडं पाणी पी.

ज्यानं तुला कळवलं नाही, तो
तुझा अप्पा,
तात्याराव