अकरा व्हॉल्व्हची चावी

मी, शेषेराव नागोराव शिंदे, वय चौसष्ट, धंदा पाणी सोडणे, राहणार मौजे शेलवाडी, ता. नायगाव, जि. नांदेड, डोके ठिकाणावर असताना व कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. कोणाचे सांगणे मी आजवर ऐकलेले नाही, हे गाव जाणतेच.

१. राहते घर मुलगा दयानंद याला. मोरीतला नळ त्याने आधी दुरुस्त करावा. गावात कुठेही पाइप फुटला की मी ताटावरून उठून धावलो, पण घरचा नळ एकोणीस वर्षे ठिबकतो आहे. त्याची आई बोलून बोलून थकली आणि गेली. तिचे बरोबर होते.

२. तिची शिलाई मशीन मुलगी सुकन्या, राहणार लातूर, हिला.

३. सायकल ग्रामपंचायतीचे लिपिक रविकांत यांना. त्यांनी व्हॉल्व्हचा नकाशा तीनदा मागितला. शेवटी काढून दिला, पण सात नंबरचा व्हॉल्व्ह मुद्दाम सिद्रामप्पांच्या उकिरड्याखाली दाखवला. बिचारे दोन दिवस खोदत होते. त्यांची माफी मागतो. तरी पाणी हवे तर मला बोलवावे, कागद कशाला?

४. आता मुख्य. गावातले अकरा व्हॉल्व्ह कोणत्या फरशीखाली आहेत हे मला एकट्याला ठाऊक, असा माझा तीस वर्षांचा समज होता. माझे व्हॉल्व्ह, माझे पाणी. पंपावरच्या सिंधुबाई वीस वर्षे माझ्यासोबत फिरल्या. त्या कोणाचेही काम अंगावर घेतात आणि कशालाच आपले म्हणत नाहीत. फरशी जवळ आली की त्यांनाही मी म्हणायचो, "तोंड फिरवा."

गेल्या उन्हाळ्यात मी नांदेडला दवाखान्यात अठरा दिवस पडून होतो. खोटे कशाला बोलू, गाव कोरडे पडावे आणि माझी आठवण निघावी, असे मनात होते. परत आलो तर लोक माझेच आभार मानू लागले. दवाखान्यातून फोन करून पाणी सोडवलं म्हणे! मी एकही फोन केला नव्हता.

सिंधुबाईंना विचारले.

"तुम्ही तोंड फिरवा म्हणायचे, तवा मी तुमची पावलं मोजायचे, अण्णा."

"मंग तसं गावाला सांगायचं की. फोनचं कशाला?"

"जागा मला ठाव हाय म्हणलं असतं, तर तुम्हाला कोण बोलावलं असतं?"

त्या दिवशी मला जेवण गेले नाही. लाज वाटली, आणि बरेही वाटले.

सबब व्हॉल्व्हची चावी सिंधुबाईंना. वकील अमरेश म्हणतात, चावी ग्रामपंचायतीची आहे, ती मला देता येत नाही. शिवाय ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. म्हणजे सिंधुबाईंना माझ्याकडून कायद्याने काहीच मिळत नाही. मग त्यांच्या सहीला हरकत कसली? चावी मी आजच त्यांच्या हातात ठेवली आहे. मरणाची वाट कोण पाहणार.

ठिकाण : नायगाव
दिनांक : १२ फेब्रुवारी २०२४
(सही) शेषेराव नागोराव शिंदे

शेषेराव यांनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली. या वेळी तोंड फिरवा म्हणाले नाहीत.

साक्षीदार :
१. (सही) अमरेश स्वामी, वकील
२. (सही) सिंधु मारोती कदम, पंपचालक