वरच्या घराची चिठ्ठी

हेदरक्लफ, यॉर्कशायर
रविवार, ९ नोव्हेंबर

प्रिय विनीस,

देवाच्या दयेने आम्ही दोघं बरी आहोत. क्लिफर्डचा खोकला चालूच आहे, पण नवऱ्यांना औषध घ्यायला सांगणं म्हणजे भिंतीशी बोलणं. स्वयंपाकघर सोडून घरात कुठे हीटर लावलेला नाही. हातमोजे घालून लिहिते आहे, अक्षर सांभाळून घे. सकाळी चॅपेलात तू नव्हतीस. पाद्रीबाईंनी तुझ्यासाठी आणि डेझीसाठी प्रार्थना म्हटली. घोडीसाठी प्रार्थना झालेली मी या जन्मात पहिल्यांदा ऐकली.

तुझं घर चढावर दहा मिनिटांवर, आणि मी पत्र लिहिते आहे, याचं तुला नवल वाटेल. फोन केला असता तर तू मध्येच "जाऊ दे गं थेल्मा" म्हणाली असतीस. आज मला ते जाऊ द्यायचं नाही.

आधी हॅलोविनचं सांगते. त्या शुक्रवारी मी दाराशी भोपळा ठेवला होता. आत बॅटरीचा दिवा, कारण मेणबत्तीने पोरांचे झगे पेटायला वेळ लागत नाही. उजेड असलेला भोपळा दिसला तरच सोंगं घेतलेल्या पोरांनी खाऊ मागायला दार वाजवायचं, म्हाताऱ्यांना त्रास द्यायचा नाही, हा नियम गावात मीच लावून घेतला. अंधारात गाड्यांना पोरं दिसावीत म्हणून त्यांच्या बाह्यांवर चमकत्या पट्ट्याही मीच शिवल्या, रस्ता-कामगारांच्या टाकून दिलेल्या जॅकिटांच्या. मग ताटभर आल्याचा केक कापून पाच वाजल्यापासून बसून राहिले. माझ्याच हातच्या पट्ट्या चमकत माझ्या दारावरून वर चढत गेल्या. चेटकीण झालेली ती कार्व्हरांची मुलगी फाटकाशी जरा थांबली.

"मिसेस हॉबसन, तुमच्याकडे येताना येतो! आधी भुताची घोडी!"

येताना कुणी आलं नाही.

शेवटी ताट घेऊन मीच वर आले. तुझ्या अंगणात अर्धं गाव. डेझीवर पांढरी चादर, डोळ्यांपाशी दोन भोकं. तू दोरी धरलेली, पोरं दोन-दोन करून पुढे, तळहात सपाट, मागच्या पायांकडे कुणाला जाऊ देत नव्हतीस. बोट ठेवायला जागा नव्हती, आणि त्याचंच मला जास्त लागलं. तू ओरडलीस, "आली आमची थेल्मा! आण इकडे, डेझीला तुझा केक फार आवडतो!" आणि मोठा तुकडा घोडीच्या तोंडात. नॉर्मन एकर्सली म्हणाला, "चला, कुणीतरी खाल्ला एकदाचा!" सगळे हसले. मीही हसले.

तू वाईट हेतूने केलं नाहीस. तू वाईट हेतूने कधीच काही करत नाहीस, हीच तर माझी अडचण आहे.

बाबांचं शेवटचं वर्ष माझ्या घरी गेलं. त्यांना पुसणं, कूस वळवणं, चादरी उकळणं मी केलं. तू रविवारी यायचीस, अंगाला घोडीचा वास घेऊन, आणि त्यांचा चेहरा उजळायचा. बाकी सहा दिवस मी चहा पुढे केला की ते विचारायचे, "विनीनं डेझीला पाणी दाखवलं का?" माझी विचारपूस एकदाही नाही. जाताना मला बायबल आणि भिंतीवरचं घड्याळ ठेवलं, तुला डेझी. बायबल मी रोज वाचते. पण बायबल फाटकाशी येऊन वाट पाहत नाही गं.

आता बुधवारचं.

दर नोव्हेंबरला होणारी, यंदा शनिवारी ठेवलेली आतषबाजी पावसाच्या अंदाजामुळे बुधवारवर आणायची, हे मंगळवारी ठरलं. गावात कळवायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे. वहीत चौदा घरं आहेत: कुत्री-मांजरं असलेली, तान्ही मुलं असलेली, आणि लढाईवरून परतलेला रॉय हॅलमशॉ, ज्याला धडाका सोसत नाही. त्याने दार उघडेपर्यंत मी दोनदा जाऊन आले. चिठ्ठी नुसती दारातून आत सरकवायची नाही, माणसाच्या हातात द्यायची, हीही माझीच शिस्त. तेरा घरं झाली.

चौदावं तुझं. चढाच्या पायथ्याशी मी बराच वेळ उभी होते. गुडघा दुखत होता असं क्लिफर्डला नंतर सांगितलं. दुखत नव्हता. मनात आलं, सगळं गाव हिच्या अंगणात असतं, एक दिवस हिच्याकडेही कुणी जाऊ नये. कळू दे हिलाही.

हा कागद उलटून पाहा. 'विनिफ्रेड, वरचं घर. बुधवार, संध्याकाळी साडेसहा. जनावरं आत घ्यावीत.' ही तुझीच चिठ्ठी. ती मी परत घरी आणली.

तेव्हा घोडीचा विचार माझ्या मनात नव्हता, एवढं देवासमोर सांगू शकते. पण बुधवारबद्दल तसं सांगू शकत नाही, म्हणून तुलाच सांगते.

बुधवारी नॉर्मनने सगळं नेहमीसारखं नीट केलं होतं. पाण्याच्या बादल्या भरलेल्या, दोरी बांधून लोक मागे, अग्निबाण तुझ्या कुरणाकडे नाही तर खाणीकडे तोंड करून रोवलेले. काडी ओढण्याआधी तो माझ्याकडे आला.

"थेल्मा, वर विनीला कळवलंस ना? घोडी आत आहे?"

त्या क्षणी डेझी मनात आली. बाहेर, कुरणात, अंधारात उभी. "थांब" एवढाच शब्द पुरला असता.

"कळवलंय," मी म्हटलं.

"नक्की?"

"नॉर्मन, माझ्या वहीत आजवर चूक सापडली आहे का?"

"नाही बाई, तुझ्या वहीत नाही," तो म्हणाला आणि गेला. पहिला बाण फुटला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या.

डेझी बिथरून कुंपणाच्या तारेत शिरली, तिचा पाय गेला, गुरुवारी सकाळी जनावरांच्या डॉक्टरने तिला कायमचं झोपवायचं इंजेक्शन दिलं. मी तुझ्या फाटकाशीच उभी होते. तू तिच्या मानेवर डोकं ठेवून रडत होतीस आणि बायका झाकलेली भांडी घेऊन येत होत्या. बाबा गेले तेव्हाही माझ्याकडे इतकी भांडी आली नव्हती, असं माझ्या मनात आलं. तेव्हासुद्धा, विनी. तशा वेळीसुद्धा मला तुझा हेवा वाटला.

तू नॉर्मनला म्हणालीस, "एक निरोप द्यायचा होता, तेवढंही जमलं नाही तुला?" त्याने टोपी काढली. "मी स्वतः वर येऊन बघायला हवं होतं," एवढंच बोलला. तुझ्या डोक्यावरून त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं. नाव घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी, मेंढ्यांच्या तोंडात जाऊ नयेत म्हणून, बाणांच्या जळक्या काड्या वेचायला तो मैदानात एकटाच होता. कुणी मदतीला गेलं नाही. मीही नाही.

मंगळवारी चॅपेलात बैठक आहे. तुझ्या तक्रारीवरून आतषबाजीचं एकतीस वर्षांचं काम नॉर्मनच्या हातून काढून घेणार आहेत. ते मी होऊ देणार नाही. हे पत्र टाकून मी थेट त्याच्या दारी जाणार आहे, आणि मंगळवारी सगळ्यांसमोर उभी राहून वरचं सगळं, त्या टाळ्यांसकट, सांगणार आहे. वही त्यांच्याकडे देईन. तू यावंस. नॉर्मनशी तू जे बोललीस ते तुला तिथेच परत घेता येईल.

माफ कर असं मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की तू लगेच करशील, आणि सगळं गाव म्हणेल, आपल्या विनीचं मन किती मोठं. तेवढं सोसायची ताकद देवाने मला अजून दिलेली नाही. मागते आहे.

बाबांची थोरली मुलगी,
थेल्मा