चार गाठींचे घर

१ ऑगस्ट १९७८
निर्णय झाला. दुर्गापूजेच्या आत स्वतःच्या घरात राहायला जाणार.
पूजेला वहिनींच्या आई वेंगुर्ल्याहून कायमच्या येत आहेत आणि माझी खोली त्यांना हवी आहे. दादा म्हणाला, शैला, तू अकोल्याला मावशीकडे जा, तिथे काय नोकऱ्या नसतात? ट्रेसरची, म्हणजे नकाशे गिरवायची नोकरी, अकोल्यात! वहिनी लगेच म्हणाल्या, वन्सं, सूटकेस हवी तर माझी न्या. केवढी ही तत्परता.
कलकत्त्यात जमीन या जन्मी परवडणार नाही. पण पाणी नुसते पडून आहे. सगळ्या डमडममध्ये तळी, एक तर आमच्या मागच्या दाराशीच. म्हणून तरंगते घर. अजून कुणाला कसे सुचले नाही?
(दुरुस्ती : वहिनी ‘कायमच्या’ म्हणाल्या नाहीत, ‘थोडे दिवस’ म्हणाल्या. पण चेहरा कायमचा होता. रोजनिशीत खोटे लिहू नये, असे बाबा सांगत.)

४ ऑगस्ट
नकाशा पूर्ण. दोन खोल्या, व्हरांडा, छपरावर पालक, प्यायला पावसाचे पाणी. वीज घेणारच नाही, म्हणजे लोडशेडिंगचा प्रश्न मिटला. गरिबातल्या गरिबाला परवडेल. ऑफिसात साहेबांना दाखवला. त्यांनी तो उलटा धरला, सुलटा धरला आणि संडास कुठे आहे म्हणून विचारले. निव्वळ मत्सर.
(संडास राहिला होता हे खरे. पण विचारायची ही रीत नव्हे.)

११ ऑगस्ट
घरमालक बागचीबाबूंना भेटले. तळे त्यांचे. मी मुद्देसूद सांगितले की घर जमिनीला टेकणारच नाही, तेव्हा परवानगी ही केवळ सौजन्य म्हणून मागते आहे. ते पान चघळत म्हणाले, दीदी, पानी के नीचे क्या है? मी म्हटले, जमीन. किसकी? मी नकाशा गुंडाळला. मग स्वतःच हसले आणि म्हणाले, पूजेपर्यंत काय ते करून घ्या, पण माझा एक मासा जरी मेला तरी बघा.
एकंदरीत विजयच.

२० ऑगस्ट
बजबज गावाहून भंगारातली तेलाची पिंपे आली. सगळ्या गल्लीत वास. वहिनींनी आधी आपल्या नाकाला पदर लावला, मग दादाच्या. पिंपांवर दोन खोल्यांचे वजन पेलणार नाही असे हिशेबात निघाले. तूर्त एक खोली. एकट्या बाईला दोन हव्यात कशाला?

२ सप्टेंबर
ज्याच्याकडून बांबू भाड्याने आणले होते तो मांडववाला आज निम्मे बांबू काढून घेऊन गेला. पूजेचे मांडव आधी, म्हणे. भिंती गेल्या. तूर्त फळ्या, चार खांब आणि वर चटई. हवा खेळती राहील.
पण तरंगते! मी मधोमध बसले आणि तरंगले. दादाने टाळ्या वाजवल्या. वहिनी मागच्या दारातून म्हणाल्या, अगोबाई, तरंगलं की हो. सूर संशयास्पद.

१० सप्टेंबर
घर पक्के बांधले. तळ्यात सालवृक्षाच्या टणक लाकडाच्या खुंट्या ठोकून घेतल्या आणि चारी कोपरे त्यांना आवळले. शाळेत घालण्याआधी बाबांनीच मला घरी शिकवले. ते गाठ मारायला लावत आणि स्वतः ओढून बघत. सुटली तर त्या दिवशी गणित नाही, फक्त गाठ. माझी गाठ सुटत नाही.
वहिनी कपडे वाळत घालता घालता म्हणाल्या, वन्सं, आमच्या वेंगुर्ल्याला होडी अशी बांधत नाहीत हो. दोर लांब सोडा. पाण्याला वर-खाली व्हायला जागा नको?
मी नुसते हसले. दोर लांब सोडा! म्हणजे वादळात घर सुटून वाहून जाईल आणि मी अकोल्याला. एवढे न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे?

११ सप्टेंबर
दोर आणखी आखूड केले. वर साखळी.

२१ सप्टेंबर
वाऱ्याची परीक्षा. सोसाट्याचा वारा होता, घर तसूभर हलले नाही. इतके स्थिर की दादाने विचारले, शैला, हे तरंगतंय ना नक्की? अज्ञान. आज ट्रंक आणि ड्रॉइंग बोर्ड घरात नेऊन ठेवले. गृहप्रवेश येत्या रविवारी. वहिनींना बोलावणार नाही.
(दादाला बोलावले की त्याही येणार. तेव्हा कुणालाच नाही.)

२४ सप्टेंबर
गृहप्रवेश पुढे ढकलला. सर्दी.

२७ सप्टेंबर
सकाळपासून पाऊस. खंड नाही. माझ्यासारखी निर्धास्त आज साऱ्या शहरात कुणी नसेल.

२८ सप्टेंबर
दादाच्या घरात गुडघाभर पाणी, मग कमरेइतके. सगळे बागचीबाबूंच्या गच्चीवर. खाली पाण्यावरून काय काय गेले! वहिनींचा पाट, कुणाची खुर्ची, मांडवाचे बांबू, एक अख्खे कोंबड्यांचे खुराडे, आत कोंबड्यांसकट. सगळे तरंगत होते. माझे घर कुठेच दिसत नव्हते.

३० सप्टेंबर
बोलले. सगळ्यांसमोर बोलले. वहिनी, दोर तुम्हीच सोडलात, म्हटले. पहिल्या दिवसापासून तुम्हाला ते सुटायलाच हवे होते. माझी ट्रंक, बोर्ड, नोकरी, सगळे वाहून गेले, आता आईला बोलवा खुशाल! वहिनी वाढत राहिल्या. मला वाढलेली खिचडी मात्र कमी होती.
(बघितले. सगळ्यांनाच कमी होती.)

३ ऑक्टोबर
पाणी उतरले. घर सापडले.
होते तिथेच होते. चारी दोर ताठ, साखळी ताठ. पाणी वर चढले आणि घर खालीच राहिले. ट्रंकेत चिखल. ड्रॉइंग बोर्ड फुगून उकललेला. चटईवर बागचीबाबूंचा एक मासा. मेलेला.
वहिनी काठावर येऊन उभ्या राहिल्या. ताठ दोर बघून म्हणाल्या, वन्सं, मी खरंच सोडायला हवा होता हो दोर.
मी ट्रंकेतला चिखल काढायला घेतला.

५ ऑक्टोबर
गाड्या सुरू झाल्या की वहिनींच्या आई वेंगुर्ल्याहून निघणार. वहिनी म्हणाल्या, अकोला राहू दे आता. आईच्याच खोलीत झोपा. घोरते, पण होडी कशी बांधतात ते तरी शिकवील. मी एका अटीवर कबूल केले. अट अजून सांगितलेली नाही.
दुपारी पिंपे सोडवायला गेले. साखळी निघाली, गाठी सुटेनात. नखे तुटली, दात लावून पाहिले. शेवटी वहिनी कोयती घेऊन पाण्यात उतरल्या आणि चारी दोर तोडून टाकले.
गाठींना मात्र काहीही झाले नाही.