सहाव्या खांबाखालचं घर

मेडेयीन,
रविवार, १४ सप्टेंबर

प्रिय आर्सेसियो,

ताईचा आशीर्वाद. आम्ही इथे ठीक आहोत, तिकडे लिमात तूही ठीक असशील. अकरा वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही.

आपला लाल फुटबॉल संघ परवा पुन्हा हरला. माझं मत विचारशील तर चेंडू पुढेही देता येतो हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं. आग्रह करकरून एकमेकांना वाढत बसतात नुसते. गाण्यांची वेगळीच तऱ्हा. तुझी भाची युरानी जे ऐकते त्यात ठेका एकच आणि रडगाणंही एकच. साल्सात निदान तुतारीवाल्याला दम तरी लागतो. ती मला म्हातारी म्हणते.

तिच्या संगणकावर शहर वसवायचा एक खेळ आहे. मीही खेळते, हसू नकोस. माझ्या शहरात डोंगरावरच्या लोकांना दवाखान्यात जायला रस्ताच नव्हता. खूप खटपट केली, पण कुठूनही काढला तरी एक घर आडवं येत होतं. मी हात मागे घेतला. युरानी म्हणाली, "पाड ना आई, खोटं तर आहे." मी उठून गेले.

रोपवेचा सहावा खांब आईच्या घरावर आला आणि घर पाडलं, तेव्हा नकाशा काढणाऱ्यांत तू होतास. मी सगळ्या गल्लीसमोर तुला म्हटलं, "आईला पुन्हा तोंड दाखवू नकोस." तू गेलास. आणि मी त्या पाळण्यात कधी पाय ठेवला नाही, आईलाही ठेवू दिला नाही. नव्या घरापासून खालच्या रस्त्यापर्यंत दोनशे बारा पायऱ्या. तिचे गुडघे गेल्यावर चार जण तिला खुर्चीत बसवून उतरवायचे. तरी मी हट्ट सोडला नाही.

आठ दिवसांपूर्वी, शनिवारी, तिच्या डोळ्याची पट्टी सुटली. मोतीबिंदू काढला. दवाखान्यातून परतलो तर खुर्चीवाले चौघेही सामन्याला गेलेले. युरानीने काही न विचारता आम्हाला पाळण्यात बसवलं.

दार लागलं आणि जमीन सुटली. आवाजच नाही रे. पायाखाली छपरं, वाळत घातलेले कपडे, गच्चीवर पसरलेली कुत्री. मग एकदम सगळं शहर, दरीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, विटांचं, उन्हात लालभडक. जन्म इथे गेला, पण ते एवढं आहे हे मला माहीत नव्हतं. आई काचेला नाक लावून बसली होती. तिला तर पानन् पान दिसत होतं.

सहावा खांब आला तेव्हा मी डोळे मिटले. तिने नाही मिटले.

"तुझा बाप पाठीवरून विटा आणायचा या चढावर," ती म्हणाली. "त्याने हे बघायला हवं होतं." आणि मग, "आर्सेसियो पत्र का पाठवत नाही गं?"

तू पाठवत होतास. एकवीस पत्रं. तिला दिसत नव्हतं, वाचून दाखवणारी मीच, आणि दर वेळी मी सांगितलं की काही आलं नाही. एवढं लिहायचं होतं म्हणून फुटबॉलपासून सुरुवात केली.

घरी आल्यावर पत्रं तिच्या मांडीवर ठेवली. ओळीखाली बोट धरून ती आठवडाभर वाचत होती, एकेक पत्र दोनदोनदा. माझ्याशी बोलली नाही. आज सकाळी म्हणाली, "माझं मी त्याला लिहीन. तुझं तू लिही."

लिहिलं. माफी मागायला तोंड नाही, तरी मागते. डिसेंबरात ये. मी रोपवेच्या खालच्या स्थानकावर थांबेन, आपण बरोबरच वर जाऊ.

ताई म्हणायचं की नाही ते तू ठरव,
नोएमी