अर्ध्या गोष्टीचा हुंकार

५ जानेवारी २०२५, अमरावती
चार वर्षांपूर्वी एका सकाळी तूर पाखडली, सूप भिंतीला टेकवलं, चहा ठेवला आणि ह्यांना कालची गोष्ट पुढे सांगायला बसले. आमच्याकडे ऐकणाऱ्याने 'हूं' म्हणत राहायचं असतं. हुंकार थांबला की गोष्टही थांबते. त्या सकाळी तो मधेच थांबला. मी चिडून म्हटलं, झोपले काय? ते गेले होते. गोष्ट तिथेच अडली आहे.

आज मूर्तिजापूरहून दामिनी नावाच्या मुलीच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत कामाला आले. वरची खोली माझी. खिडकीत ऊन आहे, जीव रमेल. काम काय, तर माईकसमोर तूर पाखडायची, वाती वळायच्या. याला एएसएमआर म्हणतात. शिकलेली माणसं हेडफोन लावून सूप ऐकतात आणि झोपी जातात! आमचं घर त्याच आवाजाने उठायचं.

९ जानेवारी
आता गोष्टी हव्यात, कानाशी कुजबुजल्यासारख्या. दामिनी म्हणाली, "जमुनाकाकू, आयकनाऱ्याले वाटलं पायजे, तुमी फक्त त्याच्यासाठीच बोलून राह्यल्या." मी म्हटलं, यापेक्षा सूप बरं. ते कुणाची बायको असल्याचं सोंग करत नाही. ही तर भाड्याची माया. तरी बसले. दुसरं काही सुचेना, म्हणून तीच अर्धी गोष्ट सांगितली. जिथे अडली होती, तिथवर.

११ जानेवारी
दामिनीने विचारलं, मधेमधे हूं कोण म्हणतं? दार बंद होतं. आत मी एकटी होते. हेडफोन लावून ऐकलं. तोच हुंकार, नाकातला, आणि ते म्हणायचे त्याच जागी. दामिनी खूश. लोकांना आवडेल म्हणे. भुतालाही गिऱ्हाईक आहे.

१४ जानेवारी
संक्रांत. गोष्ट बंद, नुसतं सूप. तरी रेकॉर्डिंगमध्ये हूं. आधी लांबून. मग डाव्या कानाशी. पुढचं ऐकायला थांबल्यासारखा—

१६ जानेवारी
आज हेडफोनमध्ये हुंकार नाही. त्यांनीच गोष्ट पुढे नेली. अडली होती तिथून. एक वाक्य झालं, आणि ते माझ्या हुंकारासाठी थांबले. माझी आई सांगायची, मेलेल्याच्या गोष्टीला हुंकार देऊ नये, दिला की शेवटपर्यंत सोबत जावं लागतं. तोंडात पदर कोंबला. कानात आलं, "काहून वं, झोपली काय?"—

१७ जानेवारी
तूर पाखडली. सूप टेकवलं. चहा ठेवला. हेडफोन खाली, कपाटात आहेत. तरी त्यांनी पुढचं वाक्य सांगितलं.
मी हूं म्हटलं.
मग पुढचं. मी पुन्हा—