गालातला खर्रा

४ ऑगस्ट, सोमवार
सकाळपासून गाडीवर. मांगं निळा डब्बा, डब्ब्यात बर्फाच्या विटा, मधात नमुने. वर्षा मॅडम पेशंटच्या नाकात, घशात काडी फिरवते, कुपीत टाकून मोडते. झाकण घट्ट करणं, नाव पाहणं, लॅबमधी पोचवणं माह्याकडे. पुण्यात घरोघरी ताप आहे.
कुपीतलं पाणी गुलाबी रायते. दरवेळी आमच्या सानगडीच्या बाजारातलं शरबत आठवते. बाबा घेऊन द्यायचा. स्वतः नाई प्यायचा, त्याच्या तोंडात खर्रा, प्लास्टिकच्या पन्नीत घोटलेली सुपारी-तंबाखू.

५ ऑगस्ट
ताईचा फोन. बाबाले ताप, दम लागून राहिला. धानाचा रोवणा आटोपला तेव्हापासून खोकत होता म्हणे, कोणाले सांगतलं नाई. भंडाऱ्याले भरती केला. नमुना घेतला, नागपूरले जाते. कोणता ताप ते समजल्यावर पुढची दवा.
विचारलं, डब्ब्यात बर्फ होता का?
ताई म्हणे, "मी बाबाकडे पाहू का डब्ब्याकडे?"
सायबाले सुटी मांगितली. रिपोर्ट येऊ दे म्हणे. पोळ्याची मांगून ठेवली होती, आता ती बी...

७ ऑगस्ट
रिपोर्ट आला अन् त्यात काईच नाई. टेस्ट लागलीच नाई. पुन्हा नमुना द्या.
ताईले विचारलं, काडी घालताना बाबाच्या तोंडात काय होतं? तवा ताईनं सांगतलं. दवाखान्यात जायच्या आधी गेटाजवळ पुडी घेतली होती. सिस्टरनं आ करा म्हटलं तं खर्रा गालात सारला अन् आ केला.
आमच्याकडे मोठ्या माणसासमोर कोणी थुंकत नाई, गालात सारते. मास्तर येवो, तलाठी येवो. मान असते तो. बाबानं सिस्टरले मान दिला.
मॅडमले विचारलं. तंबाखू-चुन्यानं टेस्ट बिघडू शकते म्हणे. हसली नाई. बरं वाटलं.

८ ऑगस्ट
बाबा दुसऱ्यांदा काडी घालू देत नाई. ताईनं फोन कानाले लावून दिला. आवाज बसलेला.
"मी बैल आहो का बे, नाकात नाथ घालून राहिले?"
म्हटलं, बाबा, तुहा पोरगा हेच काम करते.
"तं तू घाल येऊन."
अन् फोन ताईले देऊन टाकला.
तू घाल येऊन. दिवसभर तेच डोक्यात. माहे पाय कुठं ठरत नाई, शाळेत नाई ठरले, धानाच्या बांधीत नाई ठरले. म्हणून पुण्यात. आता पाय जाऊन राहिले घरी अन् तिकीट वेटिंगवर.

संध्याकाळी बसल्या बसल्या लाल्या आठवला. आमचा गोऱ्हा. त्याले नाथ घालाची होती, सगळे दोर धरून ओढत होते, तो उड्या मारून राह्यला. बाबानं सगळ्यांले मांगं सारलं. त्याच्या डोळ्यावर तळहात ठेवला अन् कानाशी तोंड नेऊन बोलत राह्यला. तलावात पाणी किती, धुऱ्यावर गवत कसं. काईबी. लाल्या कान हलवत उभा. काम होऊन गेलं.
मी इथं तेच करतो. मॅडम काडीचं पाकीट फोडते तवा मी म्हाताऱ्या माणसाले त्याचं गाव विचारतो. मॅडमले वाटते, रोशनले बोलायचा नाद आहे.

९ ऑगस्ट
ताईले सकाळीच सांगतलं. चूळ भराले लाव, मग थोडा वेळ काई देऊ नको. सिस्टर आली का बाबाच्या डोळ्यावर हात ठेव, कानाशी बोल.
"काय बोलू?"
लाल्याचं बोल.
दुपारी फोन आला, नमुना झाला. पहिले बाबानं ताईचा हात झटकला म्हणे. लाल्याचं नाव काढलं तं थांबला. "हे तुले कोणं सांगतलं?" ताईनं माहं नाव घेतलं. मग स्वतःच नाक वर केलं.
नंतर ताईले विचारत होता, कुपीतलं पाणी गुलाबी काहून? ताईले सांगता नाई आलं. मले बी येत नाई. एवढे दिवस वाहून राहिलो, कधी विचारलंच नाई.

१० ऑगस्ट, रविवार
रिपोर्ट नाई. दम तसाच. तिकीट तसंच.
मॅडमले गुलाबी पाण्याचं विचारलं. पाणी खराब झालं का रंग बदलते म्हणे. बाबाले सांगाचं ठरवून फोन लावला.
ताई म्हणे, बाबा खर्रा मांगून राहिला. भरती झाल्यापासून त्याचं नाव नव्हतं काढलं, आज काढलं. देऊ का?
म्हटलं, नको. परत नमुना लागला तं?
बाबानं फोन घेतला.
"खात नाई बे. नुसता घोटतो. हाताले चैन नाई."
ताईनं पुडी देली असन, फोन खाटेवर ठेवला. पन्नीचा आवाज येत राह्यला, चरचर, चरचर. मधात थांबे, दम घे, पुन्हा. घरी होतो तवा याच आवाजानं जाग यायची. उठलो का पहिले बाबाचा अंगठा दिसे, पन्नीवर.
पाण्याचं सांगाचं राहून गेलं. मॅडम गाडीजवळ डब्बा घेऊन उभी. चल म्हणे, उशीर होते.
बोटानं खूण केली, थांबा. फोन कानालेच होता.