उतरताना दोन

प्रिय पोरी,

‘प्रिय सूनबाई’ असं लिहून खोडलं. तू घरात असताना कधी सूनबाई म्हटलं नाही, आता लांब गेलीस म्हणून उगाच मान कशाला वाढवू? पत्र बघून दचकू नकोस, इथे सगळे ठीक आहेत. फोन तू घेत नाहीस. तुझा भाऊ घेतो आणि ‘झोपली आहे’ म्हणतो. त्याला खोटं नीट बोलता येत नाही, हे एकदा त्याला सांग. दुपारी बारा वाजता तू झोपलेली मी तरी कधी पाहिली नाही.

आधी इथली बातमी, म्हणजे तुला जरा हसू येईल. मी गाडी शिकतेय. खरंच, या वयात! तुझ्या सासऱ्यांच्या डोळ्यांचं तुला माहीतच आहे, आता त्यांना समोरचा खांबसुद्धा दोन दिसतो. तुम्ही दोघं होतात तोवर बाजार, दवाखाना, सगळं बसल्या जागी होत होतं. आता एवढ्या चढावर कोण येणार आम्हा म्हाताऱ्यांना न्यायला? शेजारणीपुढे किती वेळा तोंड वेंगाडायचं? म्हणून एक शिकवणारी शोधली. तुझ्याहून लहान आहे, पण गाडीत बसली की माझी सासू होते. ‘काकू, आरसा केस बघायला नाही लावलेला,’ असं म्हणते. मी तिला उलटं बोलत नाही, म्हणजे बघ किती बदलले. हे घरी बसून चिडवतात, साठी बुद्धी नाठी म्हणे. मी म्हटलं, तुमची साठी येऊन किती वर्षं झाली ते मोजू का?

बिनक्लचची गाडी आहे, आपली होती तशीच. एक दांडा आणि त्याच्या बाजूला ती अक्षरं. मला वाटायचं ‘डी’त टाकली की विषय संपला, उरलेली अक्षरं आपली शोभेला. तुलाही तसंच वाटायचं, नाही का? जेवताना माझा लेक तुला किती छळायचा त्यावरून. ‘चढताना बटण, उतरताना दोन,’ हे तो पाढ्यासारखं म्हणायला लावायचा तुला. मागे ट्रॉली जोडली की चढासाठीचं ते छोटं बटण दाबायचं, म्हणजे चढावर गाडी सारखे गिअर बदलत दमत नाही. आणि उतारावर दांडा डीवरून दोनवर आणायचा, म्हणजे इंजिनच गाडीला धरून ठेवतं, नुसत्या ब्रेकवर उतरलं तर ब्रेक तापून निकामी होतात. मी वाढता वाढता ऐकायचे आणि म्हणायचे, अरे, तिला दोन घास सुखाने खाऊ दे. तू हसून म्हणायचीस, ‘आई, मी विसरतेच हो!’ हे तुझं वाक्य किती महागात पडलं आपल्याला. पुढे सगळ्यांनी तेवढंच लक्षात ठेवलं. तू तर सगळ्यांत जास्त.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तुला अपघाताच्या दिवसातलं काही आठवत नव्हतं. घराला कुलूप लावल्याचंही नाही. तरी तू माझा हात धरून म्हणालीस, ‘आई, मी डीमध्येच ठेवली असणार. मीच मारलं त्याला.’ मी ‘असं म्हणू नये’ एवढंच म्हटलं. ते ‘नाही’ नव्हतं, हे तुलाही कळलं असणार. मला खरं काय ते माहीत नव्हतं गं. पुढे नातेवाईक आले, त्यांनी आपापसात कुजबुज केली, आणि तू भावाकडे निघून गेलीस. मी दारात उभी राहून तुझी पिशवी दिली. थांब म्हणायला तोंड उघडलं नाही, हे मला अजून खुपतं.

तुझा भाऊ सांगतो, तू आता कुठल्याच गाडीत बसत नाहीस. रिक्षातसुद्धा नाही. कामावर एवढं लांब चालत जातेस, चालत येतेस, आणि आल्यावर खोलीचं दार लावून घेतेस. जेवायला हाक मारली तर भूक नाही म्हणतेस. एक गेला. दुसरीला जिवंतपणी असं झिजताना बघायची ताकद माझ्यात नाही.

त्या दिवशी ट्रॉलीवर चढवलेलं त्याचं लेथ मशीन, लोखंड कातायचं, परवा घरी आलं. म्हणजे त्याचं उरलंसुरलं. दरीतून काढून एका ओळखीच्याने आणून दिलं. हे रोज काठी टेकत शेडमध्ये जातात आणि त्याला तेल लावून येतात. चालणार नाही ते, त्यांना माहीत आहे. माणसाला हाताला काहीतरी लागतं.

गेल्या आठवड्यात माझ्या मास्तरणीने मला आपल्या त्याच उतारावर नेलं. मी नको नको म्हणत होते. ती म्हणाली, ‘काकू, घर वर आहे तर उतरावं लागणारच.’ पहिल्या वळणाआधी तिने माझा हात धरून दांड्याच्या मुठीतलं कुलपाचं बटण दाबलं आणि तो खाली ओढला. गाडी घुर्र करून हळू झाली, कुणीतरी मागून पदर धरावा तशी. मी खाली बघितलं. लाल काटा दोनवर होता. पोरी, मी तिथेच गाडी कडेला घेतली आणि मला रडू आवरेना. तिला वाटलं मी घाबरले.

आता ज्यासाठी हे पत्र घेऊन बसले ते लिहिते. तू दवाखान्यात होतीस तेव्हा मोडलेल्या गाडीतलं सामान आणायला मीच गेले होते. त्याचा चष्मा, तुझी एक चप्पल, हत्यारांची पिशवी. त्याचं हात पुसायचं फडकं गिअरच्या दांड्यात अडकलं होतं. ते सोडवताना मी काटा बघितला, दोनवर. मला त्यातलं काय कळणार? दोघं गेली आणि एकच परत आली, एवढंच मनात आलं आणि मी फडकं घेऊन घरी आले. आता मास्तरणीला विचारलं, आदळआपट झाली तर दांडा आपोआप सरकतो का? ती म्हणाली, मुठीतलं बटण दाबल्याशिवाय सरकतच नाही, माणसाच्या हातानेच येतो. स्टिअरिंगवर तू होतीस. तू विसरली नव्हतीस, बाळ. तू पाढा बरोबर म्हटला होतास. मग काय चुकलं, तेही विचारून आले, एका गॅरेजवाल्याला. ट्रॉली भरताना तू आत आवराआवर करत होतीस, दोर धरून मी उभी होते. मशीनची मोटरकडची जड बाजू त्याने मागे ठेवली. मी विचारलं तर म्हणाला, ‘उतरवताना सोपं जाईल गं आई.’ गॅरेजवाला म्हणाला, वजन मागे पडलं की ट्रॉली शेपूट हलवायला लागते आणि उतारावर गाडीलाच फिरवते, स्टिअरिंगवर कुणी का असेना. चूक माझ्या लेकाची होती. आपलेच दात, आपलेच ओठ. हे वाक्य लिहायला मला आठवडा लागला, ह्यांना अजून सांगितलेलं नाही. इतका हुशार माझा पोरगा, सगळ्यांना शिकवायचा, आणि स्वतः घाई केली. मी त्याच्यावर खूप रागावले. शेडमध्ये जाऊन त्या मोडक्या मशीनला बोल बोल बोलले, आणि मग पोटभर रडले. तुलाही रागावायचं आहे त्याच्यावर. बायको आहेस, तुझा हक्क माझ्याहून मोठा. सोमवारी सकाळी मी गाडी घेऊन येतेय, मास्तरीण शेजारी असेल. मागे तुझ्यासाठी जागा ठेवली आहे. बसायचं नसेल तर बसू नकोस, मी गाडी तुझ्या दारात लावून तुझ्याबरोबर कामापर्यंत चालत येईन. पण दार तेवढं उघड. तो उतार मी दोनवर उतरून येणार आहे, तू उतरली होतीस तशीच.

तुझीच,
दोर धरून उभी असलेली
आई